चरखी नसलेला ट्रेलर

भाऊ, जीपची बॅटरी उतरली आहे. तू दवाखान्यात गेलास तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि आज सकाळी अंगणात येऊन पाहते तर जीप, तिच्या मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर तुझा डोंगा, मासे धरायची आपली नाव, सगळं जिथल्या तिथे. डोंग्यात लिंबाचा पाला साचला आहे. वहिनीने तो झाडला नाही, मीही झाडला नाही. तू असतास तर दोघींनाही बोलला असतास.

तेरवीला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. काका तर म्हणाले, "परसराम जन्मात कोणाशी भांडला नाई." मला तशातही हसू आलं, पदराआड तोंड लपवावं लागलं. माझ्याशी तू इतकी वर्षं भांडलास, तेही एकाच गोष्टीवरून, आणि काकांना पत्ता नाही! ट्रेलरला डोंगा वर ओढायची चरखी लावायची की नाही, हे आपलं भांडण. ते मिटवायच्या आधी तू निघून गेलास. आता ते माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं आहे, म्हणून तुझ्याशी बोलायला वही घेऊन बसले.

मी माहेरी परत आले ती या जीपसकट. ह्यांची काळी-पिवळी टॅक्सी होती, तिरोडा ते गोंदिया धावायची. हे गेल्यावर सासरी ठरलं की मी शेतात वाटा मागू नये आणि गाडी घेऊन जावी. मी गाडी घेतली. चालवायला ह्यांनीच शिकवलं होतं, धान कापून झालेल्या मोकळ्या बांधीत, हौस म्हणून. त्या हौशीचा असा उपयोग होईल, हे दोघांच्याही मनात नव्हतं. गावात शिरताना बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. विधवा होऊन आलेली मुलगी रडत येते, ही गिअर बदलत आली.

पहिल्या आठवड्यात ज्याने त्याने एकच सल्ला दिला, की ही गाडी विकून टाक. वहिनीसुद्धा म्हणाली, अंगणात धान वाळवायला जागा उरली नाही. मला गाडीचं काही वाटत नव्हतं. मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती. या घरात मला जागा आहे का? पाहुणी म्हणून नाही, राहायला.

तू जीपभोवती एक चक्कर मारलीस, टायरला लाथ घातलीस, मागे वाकून हुक पाहिलास. मग तोंडातली खर्ऱ्याची पिंक टाकून म्हणालास, "इकू नोको, इंदे. डोंगा ओढाले लागते."

"काऊन? गावचे बैल मेले का?"

"बैल हळू चालतेत."

"तुला कुठे घाई आहे?"

"मले नाई वं, मच्छीले घाई राहते. चोरखमाऱ्याहून येता येता मऊ पडून जाते."

मला ते खरं वाटलं. आपल्या मच्छीमार सोसायटीला कधी चोरखमाऱ्याच्या तलावात जाळी टाकायला मिळायची, कधी गावतलावात, उन्हाळ्यात पाणी आटलं की बोड्यांमध्ये, शेताजवळच्या लहान तळ्यांत. डोंगा एकच, आणि तो पाण्यामागे फिरणार. आजवर तो बैलबंडीवरून फिरत होता आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. पण मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. मला काम मिळत होतं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं.

मग आपण ट्रेलर शोधायला लागलो. भाऊ, त्या महिन्यात मी जितकी हसले तितकी ह्यांच्यामागे पुन्हा हसेन असं वाटलं नव्हतं. आधी ट्रॅक्टरची ट्रॉली पाहिली. ती माझ्या छातीएवढी उंच. तू म्हणालास, डोंगा चढवायला चार माणसं आणि उतरवायला सहा लागतील, मग ट्रॉली कशाला, त्यांनीच खांद्यावर न्यावा. मग टायरची बंडी पाहिली. तिला दचके झेलणारे पाटे नव्हते, धुरा थेट लाकडात ठोकलेला. तू मला तिच्यात बसवलंस, चार पोरांना ओढायला लावलंस आणि खाली उतरल्यावर विचारलंस, "कंबर कशी हाये?" मी शिव्या घातल्या. तू म्हणालास, "तुयी कंबर अशी झाली, तं डोंग्याचे सांधे का राहतीन?" बुडाला पत्रा ठोकलेला, सागाच्या फळ्यांचा डोंगा आपला. दचके बसले की फळ्या एकमेकींना सोडतात आणि पाणी आत येतं. म्हणून पाटे हवेच, हे तिथे ठरलं. ठरवायला माझी कंबर लागली.

गोंदियाच्या भंगारवाल्याची आठवण आहे ना? त्याच्याकडे जुन्या जीपचा छोटा ट्रेलर होता, खोल डब्यासारखा. तू त्यात उतरून लांबी-रुंदी हाताने मोजत होतास. तो म्हणाला, "क्या रखोगे भैया इसमें?" तू म्हणालास, नाव. तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. "गोंदिया में समंदर कब आया?" तुझं हिंदी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं मी. "समंदर नहीं आया. तलाव पहले से है. तुम दुकान के बाहर निकलोगे तो दिखेगा ना." तिथून आपण काही न घेता निघालो. तो डबा डोंग्याला चालणार नव्हताच, पण तू निघालास ते त्याच्या हसण्यामुळे, हे मला माहीत आहे. तलावांना हसलेलं तुला चालायचं नाही.

शेवटी तिरोड्याच्या मिस्त्रीने बनवून दिला. वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा उभ्या राहिल्या नव्हत्या, त्याच्या दुकानातून थेट आभाळ दिसायचं. मोडक्या जीपचा धुरा, तिचेच पाटे, वर लोखंडी सांगाडा, आणि डोंगा सरकायला लाकडाची गोल फिरणारी लाट, तिच्यावर जुन्या टायरचं रबर. उंची माझ्या गुडघ्याइतकी. पाण्यात थोडा उतरवला की डोंगा आपला आपण सुटेल. तू त्याच्यावर हात फिरवलास तेव्हा मला कळलं की हाच तो. बाजारात एखादा बैल नुसता पाहून आवडतो, तसा तो तुला आवडला.

आणि तिथेच भांडण पेटलं. मिस्त्रीकडे विहिरीवरची एक जुनी चरखी पडली होती. तो म्हणाला, पुढे दांड्याला जोडून देतो, तार डोंग्याला बांधायची आणि मूठ फिरवायची, एकटा माणूसही डोंगा वर चढवेल. मी म्हटलं, जोडा. तू म्हणालास, नको.

"कायले नोको?"

"तार ताणली का डोंग्याचं तोंड फाटते."

"मग तारेऐवजी दोर लाव."

"दोर तुटते."

"मग जाड दोर लाव!"

"जाड दोर चरखीत बसत नाई."

मिस्त्री एकदा तुझ्याकडे पाही, एकदा माझ्याकडे. त्याने शेवटी चरखी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "तुमचं मिटलं का सांगजा." मिटलं नाहीच. त्यानंतर जेव्हा जेव्हा ट्रेलर दुरुस्तीला नेला, तेव्हा ती चरखी तिथेच टेकलेली दिसायची. आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

चरखीचं सोड. डोंगा ट्रेलरवर ठेवण्यावरूनही तू ऐकलं नाहीस. आपल्या घरची रीत, डोंगा पाण्यात तोंडानेच गेला पाहिजे, शेपटीने गेला तर जाळं रिकामं येतं. आजाने पाळली, बाबाने पाळली. बंडी काय, आडवी लावली की काम व्हायचं. पण जीप पाण्याकडे पाठ करून मागे घ्यावी लागते. म्हणजे सरळ ठेवलेला डोंगा शेपटीनेच पाण्यात जाणार. यावर तू उपाय काढलास. डोंगाच उलटा ठेवायचा, शेपूट जीपकडे आणि तोंड मागे. रस्त्याने जाताना आपला डोंगा मागे मागे चालल्यासारखा दिसायचा. लोक विचारायचे, "परसरामभाऊ, तलावावर जाऊन राहिले का घरी?" आणि तू त्या डोंग्यातच बसायचास. पुढे माझ्या शेजारी जागा असताना! मांडी घालून, ओल्या जाळ्यावर, तोंड मागे करून. मी कितीदा म्हटलं, पडशील. "डोंग्यातून कोनी पडते का?" असं उलट मलाच विचारायचास. माझ्या आरशात तुझी पाठ आणि डोक्याचं पांढरं दुपट्टं दिसायचं. मी समोरचा रस्ता पाहायची आणि तू मागचा. जे गाव मागे पडलं त्यातल्या माणसांशी तुझं बोलणं ते दिसेनासे होईपर्यंत चालायचं.

पहिल्या दिवसाचं आठवलं की अजून पोट दुखतं. चोरखमाऱ्याहून परत आलो. अर्धं गाव आपल्या दारात. मी उतरले, ऐटीत हुकाची पिन काढली. तू अजून डोंग्याच्या तोंडात बसलेला, जाळी तुझ्या मांडीखाली, म्हणजे सगळं वजन मागे. पिन निघताच ट्रेलरचा दांडा वर गेला, मागची बाजू खाली बसली, आणि डोंगा तुला घेऊन सरकत सरकत थेट खताच्या खड्ड्यात. तू शेणात रुतलेल्या डोंग्यात तसाच मांडी घालून. इकडे तिकडे पाहिलंस आणि म्हणालास, "उतरला बरोबर. तोंडानंच उतरला."

त्या दिवशी वहिनीसुद्धा हसली. मी आल्यापासून तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. तिने तुला विहिरीवर बसवून बादल्या ओतल्या आणि मी दोर दिला. मला वाटतं, त्या दिवशी मी या घरात थोडीशी आत आले.

ट्रेलर मागे घ्यायला शिकायला मात्र मला फार दिवस लागले. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. शिवाय जीपमधून मागचं पाणी दिसत नाही, डोंगाच दिसतो. कोणीतरी काठावर उभं राहून सांगावंच लागतं. तू डावं-उजवं कधीच म्हणाला नाहीस. ट्रेलर जिकडे हवा तिकडे जाऊन उभा राहायचास आणि ओरडायचास, "माह्याकडं घे!" मी चिडून म्हणायची, मला तू दिसतच नाहीस. "आवाज येते ना? आवाजाकडं घे." मी शिव्या देत देत आवाजाकडे घ्यायची. हळूहळू हाताला कळायला लागलं. आता माझ्यासारखा ट्रेलर मागे घेणारा माणूस तालुक्यात नाही, हे मी नाही, तिरोड्याचे ट्रकवाले म्हणतात.

आणि चाक थंड होण्याची ती वेळ. भाऊ, सगळ्यात जास्त मला ती आठवते. मिस्त्रीने सांगितलं होतं, लांबून आलात की चाकाचं बेअरिंग तापलेलं असतं. तसंच पाण्यात घातलं तर ते पाणी ओढतं आणि आतून गंजून जातं. म्हणून तलावावर पोचलो की तू डोंग्यातून उतरायचास, चाकाच्या मधोमध उलटा हात लावायचास, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, आणि म्हणायचास, "गरम हाये. बस जरा."

आपण पाळीवर, तलावाच्या बांधावर बसायचो. पलीकडे नागझिऱ्याचं जंगल, पाण्यावर बदकं. तू शिंगाडे सोलून द्यायचास नाहीतर नुसताच बसायचास. ह्यांच्याबद्दल मी कोणाशी बोलले असेन तर त्या पाळीवर. तू सांत्वन केलं नाहीस, देवाची इच्छा वगैरे बोलला नाहीस. "जावई हॉर्न लय वाजवे," असं एकदा म्हणालास. मी रडता रडता हसले, कारण ते खरं होतं. थंडीतही तू हात लावून "गरम हाये" म्हणायचास. मी एकदा स्वतः हात लावून पाहिला, चाक गार पडलं होतं. मी परत येऊन बसले. मलाही बसायचंच होतं.

पोळ्याला तू ट्रेलर धुतलास, चाकांना गेरू लावलास, दांड्याला बेगड चिकटवली आणि जीपच्या तोंडाला बाशिंग बांधून मला म्हणालास, "तोरणाखाली उभी कर." पोरं नाचली, म्हातारे चिडले. काका म्हणाले, याले अक्कल नाई. तू म्हणालास, "बैलाले मान देता ना, मंग जे ओढते त्याले द्या." तेव्हा तू जीपकडे बोट दाखवलंस, पण पुरणपोळी माझ्या हातात आणून दिलीस. गावासमोर. मी ती जीपच्या सीटवर बसून खाल्ली. त्या दिवसापासून मला गावात कोणी, किती दिवस आहेस, असं विचारलं नाही.

चरखीचं मात्र मी सोडलं नव्हतं. एकदा मला ताप आला होता आणि तू आठवडाभर तलावावर गेलाच नाहीस. बैल होते, बंडी होती, तरी नाही गेलास. खाटेवर पडल्या पडल्या मी ओरडले, "चरखी असती तर कोणालाही जीप चालवायला घेऊन गेला असतास, डोंगा एकट्याने चढवला असतास!" तू म्हणालास, "अशी जोरानं बोलून राहिली, म्हणजे ताप उतरला तुया." आणि निघून गेलास. तुझ्याशी भांडायचं म्हणजे पाण्यावर काठी मारण्यातला प्रकार.

दवाखान्यातलं मी फार लिहीत नाही. एकच सांगते, कारण ते तूही ऐकलंस की नाही मला माहीत नाही. शेवटच्या आधीच्या दिवशी दुपारी मी तुझ्या कपाळाला उलटा हात लावला. तू डोळे न उघडता विचारलंस, "गरम हाये का?" मी म्हटलं, "हाये." तू म्हणालास, "मंग बस जरा." मी बसले, भाऊ. संध्याकाळपर्यंत बसले. नर्स दोनदा उठवायला आली, मी उठले नाही.

तेरवीच्या जेवणानंतर काकांनी विषय काढला. डोंगा पडून सडेल, ट्रेलर गंजेल, सोसायटीतला कोणी घेत असेल तर देऊन टाकावं. जीपही. "दोन बायामाणसं, डोंगा घेऊन का करतीन?" मी वहिनीकडे पाहिलं. ती पानं उचलत होती. तिने मान वर केली नाही. तलाव तिचा कधीच नव्हता. ती शिंगाड्याच्या वेलापुरतीही पाण्यात उतरलेली मला आठवत नाही. तुझ्यामुळे मी या घरात आले, तुझ्या डोंग्यामुळे राहिले. आता डोंगा गेला की मी कोण? तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन बसला आहे, आणि आता टायरला लाथ मारून उत्तर देणारा तू नाहीस. काका म्हणाले, आज एक माणूस पाहायला येईल.

एवढं सकाळी लिहिलं होतं. आता दिवस मावळला आहे आणि पुढचं लिहिते.

तो माणूस आला. डोंग्याला बोटाने टकटक करून पाहिलं, लाटेवरचं रबर ओढून पाहिलं. म्हणाला, चरखी नाही का याला? मला तशा स्थितीतही राग आला. आपलं भांडण आपलं, याला कोणी विचारलं? तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तिच्या हातात खराटा होता. ती त्या माणसाकडे न पाहता ट्रेलरवर चढली आणि डोंग्यातला पाला झाडायला लागली. सगळा पाला त्याच्या अंगावर. मग खराटा खाली टाकून त्याला म्हणाली, "आलेच हा तं गाडीले धक्का मारा जरा. बॅटरी उतरली हाये."

तो बिचारा गोंधळला, पण त्याने शेजारच्या दोघांना हाक मारली आणि धक्का मारला. जीप खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. मी विचारलं, "वहिनी, कुठे नेऊ?" ती म्हणाली, "तलावावर. आनखी कुठी?" आणि मी वळून पाहते तर ती डोंग्यातच बसली होती. मांडी घालून, तोंड मागे करून, पदर कंबरेला खोचून.

तिरोड्याच्या रस्त्याने कोणी हसलं नाही. लोक नुसते उभे राहून पाहत होते. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. तुला असेल तो नमस्कार. आरशात मला वहिनीची पाठ दिसत होती आणि मी वेग वाढवला नाही, कारण ती डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसली होती. तिला भीती वाटत होती, भाऊ. तरी पुढे येऊन बस म्हटलं तर आली नाही.

चोरखमाऱ्याला पोचलो. मी सवयीने जीप वळवली आणि मागे घ्यायला लागले. वहिनी ओरडली, "थांब!" खाली उतरली, चाकाजवळ बसली आणि मधोमध उलटा हात लावला. "गरम हाये," ती म्हणाली. "बसू जरा."

मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. आम्ही तुझ्या जागेवर बसलो. ती म्हणाली, "तुले का वाटलं, मले काई मालूम नाई? रोज घरी येऊन सांगत सप्पा, सारं सारं. चाक किती गरम होतं, तू का बोलली, रडली का हसली." मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "एक डाव मी म्हटलं, लावून टाका ना ते चरखी, कटकट जाईल. तं मलेच बोलले. म्हणे, लावली तं काम एकट्यानं होईल. मंग इंदी म्हणंल, आता माह्यं का काम हाये अठी? जाईल कुठीतरी खोली घेऊन. ते गेली, म्हणे, तं मी तुह्यासंगं बोलणार नाई."

म्हणजे जाड दोर चरखीत बसला असता. दोर तुटत नव्हता. डोंग्याचं तोंडही फाटत नव्हतं. तू साऱ्या बाजारातून दोघांशिवाय चालणार नाही असा ट्रेलर निवडलास, आणि तो तसाच राहावा म्हणून जन्मभर माझ्याशी खोटं भांडलास. मला तुझा राग आला आणि मी रडले. मला विचारायचं होतं ते मी कधी विचारलं नाही, आणि तू उत्तर अंगणात उभं करून ठेवलं होतंस. त्याच्यावरून मी रोज तुला बोलत होते. भाऊ, तू मला जागा दिलीस आणि उपकार वाटू दिले नाहीस. याच्यासाठी तुझे आभार मी मानायला हवे होते, ते आज मानते. उशीर झाला. पण तू म्हणायचासच की मी आवाज मोठा करते, तर तो पोचला असेल.

वहिनीने मला रडू दिलं. तीही रडली. मग उठली, पुन्हा चाकाला हात लावला. "थंडं झालं." मी जीपमध्ये बसले. ती काठावर गेली, चप्पल काढून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा. मला आरशात फक्त डोंगा दिसत होता. कुठे घ्यावं कळेना. तेव्हा मागून आवाज आला, कापरा, पण मोठा.

"माह्याकडं घे, इंदाबाई. माह्याकडं घे."

मी आवाजाकडे घेतलं. डोंगा तोंडानेच पाण्यात गेला.

बॅटरी उद्या बदलून आणते. मिस्त्रीचं दुकान वाटेतच आहे आणि ती चरखी अजून तिथे भिंतीला टेकलेली असेल. असू दे. तू जिंकलास, भाऊ. आम्ही ती लावणार नाही.